ज्याची समजूत घालता येते ते शहाणपण

एका तरुण बंधूंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. ते बांधकामाचे साहित्य पुरवणाऱ्या एका पेढीत हिशेब पाहतात. मार्चअखेरीस तिथे काही बिले ‘जुळवून’ घ्यावी लागतात, म्हणजे न गेलेला माल गेला असे दाखवावे लागते, आणि त्यावर सही करायला त्यांचा हात धजत नाही. त्यांचे सासरे मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, पंच कमिटीवर कित्येक वर्षे आहेत. त्यांचे म्हणणे असे की बायबल रविवारी वाचावे आणि सोमवारी व्यवहार पाहावा, नाहीतर संसार होत नाही. या बंधूंना पडलेला पेच असा: प्रेषित पौल म्हणतो की या जगाचे ज्ञान देवाच्या दृष्टीने मूर्खपण आहे, आणि प्रभू येशू तर शिष्यांना सापांसारखे चतुर व्हायला सांगतो. मग चतुराई हे पाप आहे की कर्तव्य? आणि आपण घेतलेला निर्णय वरून आलेल्या ज्ञानाचा आहे की आपल्याच हुशारीचा, हे ओळखायचे कसे?

मी 34 वर्षे पाळकाचे काम केले आणि आता निवृत्त आहे. हा प्रश्न मला अनेकांनी अनेक रूपांत विचारला, आणि सुरुवातीच्या काळात मी त्याची जी उत्तरे देत असे ती आज मला पटत नाहीत. ‘जगाचे ज्ञान सोडा, देवाचे ज्ञान धरा’ असे व्यासपीठावरून सांगणे सोपे असते. ऐकणारा घरी जातो आणि सोमवारी त्याच्यापुढे ती बिले असतातच.

पहिली अडचण भाषेची आहे, आणि मराठी वाचकाला ती जरा जास्तच आहे. ‘ज्ञान’ म्हटले की आपल्या मनात आत्मज्ञान, ज्ञानमार्ग, समाधी असे सगळे एकदम उभे राहते, आणि ‘शहाणपण’ म्हटले की घरातली वडीलधारी माणसे आठवतात. जुन्या करारातला इब्री शब्द होखमा या दोन्हींत नीट बसत नाही. निर्गमच्या 31 व्या अध्यायात देव बसालेल नावाच्या कारागिराला होखमा देतो, ती सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यासाठी. पुढे 35 व्या अध्यायात हातांनी सूत कातणाऱ्या बायकांनाही त्याच अर्थाचे विशेषण लावलेले आहे. म्हणजे होखमा हे मुळात कसब आहे, हाती घेतलेली गोष्ट तडीस नेण्याची जाण आहे. त्यामुळेच हा शब्द वाईट माणसालाही लागू शकतो. दुसऱ्या शमुवेलाच्या 13 व्या अध्यायात अम्नोनाला आपल्या सावत्र बहिणीवर, तामारेवर, हात टाकण्याची युक्ती सांगणारा योनादाब हा मूळ इब्रीत ‘फार शहाणा’ मनुष्य आहे. अनेक भाषांतरांत तिथे ‘धूर्त’ अशा अर्थाचा शब्द घातलेला आढळतो, कारण भाषांतरकाराला संकोच वाटतो. मूळ लेखकाला तो वाटलेला नाही. आणि या योनादाबाचे पुढे काही वाकडे झाल्याचेही शास्त्र सांगत नाही. अम्नोनाचा खून झाल्यावर हाच गृहस्थ दावीद राजाजवळ उभा राहून, सगळे राजपुत्र मेलेले नाहीत, एकटा अम्नोन मेला आहे, अशी अचूक माहिती देतो. ऐहिक शहाणपण शेवटी फसतेच असे आपण उपदेशात सांगतो, पण शास्त्र तसे सरसकट सांगत नाही.

तेव्हा खरे ज्ञान आणि जगाचे ज्ञान यांतला फरक बुद्धीच्या मापाचा नाही, आणि विषयाचाही नाही. पवित्र शास्त्र वाचणे म्हणजे खरे ज्ञान आणि हिशेब, कायदा, शेती किंवा वैद्यक म्हणजे जगाचे ज्ञान, अशी वाटणी बायबलमध्ये कुठेच नाही. पंडिता रमाबाईंना 1878 साली कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या त्या संस्कृत विद्वत्तेसाठी. पुढे ख्रिस्ती झाल्यावर त्यांनी ती विद्वत्ता टाकून दिली नाही. त्या इब्री आणि ग्रीक शिकल्या आणि साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबलचे भाषांतर करण्यासाठी आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी खर्ची घातली. ते काम पुरे झाले आणि 1922 साली त्यांचे निधन झाले.

मग पौल कशावर तुटून पडतो? त्यासाठी करिंथ शहर डोळ्यांपुढे आणावे लागते. जुने करिंथ रोमनांनी इ.स.पू. 146 मध्ये उद्ध्वस्त केले होते आणि इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने ते रोमन वसाहत म्हणून पुन्हा वसवले. तिथे वसवलेल्या लोकांत गुलामगिरीतून सुटलेल्यांचा भरणा मोठा होता. दोन समुद्रांमधल्या चिंचोळ्या भूमीवर, दोन्ही बाजूंना बंदर असलेले हे व्यापारी शहर नवश्रीमंतांचे होते, आणि नवश्रीमंतांच्या शहरात असते तशी प्रतिष्ठेची भूकही तिथे होती. वक्तृत्वाला तिथे फार मान होता. नामांकित वक्त्याच्या मागे असणे ही शोभेची गोष्ट होती. पौल तिथे दीड वर्ष राहिला. गल्लियो हा अखया प्रांताचा रोमन सुभेदार असल्याचा उल्लेख डेल्फी येथे सापडलेल्या शिलालेखात आहे, त्यावरून हा काळ इ.स. 51–52 च्या आसपासचा ठरतो. पुढे पौल इफिसात असताना ख्लोवेच्या घरच्या माणसांकडून त्याला कळले की मंडळीत ‘मी पौलाचा’, ‘मी अपुल्लोचा’, ‘मी केफाचा’ असे तट पडले आहेत. या तटांवरूनच पौल ज्ञानाच्या विषयात शिरतो, आणि हे ध्यानात ठेवले नाही तर करिंथकरांना लिहिलेल्या त्याच्या पहिल्या पत्राच्या पहिल्या तीन अध्यायांचा अर्थच बदलतो. त्याचा वार विद्येवर नाही. आपल्या गुरूची विद्या दाखवून दुसऱ्याला खाली बसवण्याच्या खेळावर आहे.

त्या खेळात वधस्तंभाची गोष्ट सांगणे म्हणजे स्वतःचे हसे करून घेणे होते, कारण वधस्तंभ हा प्रामुख्याने गुलामांना आणि बंडखोरांना देण्याचा दंड होता. रोममध्ये पॅलेटाइन टेकडीवर 1857 साली भिंतीवर कोरलेले एक ओबडधोबड चित्र सापडले; ते इ.स. 200 च्या सुमाराचे असावे असे सामान्यतः मानले जाते. वधस्तंभावर गाढवाचे डोके असलेला एक मनुष्य आहे, खाली एक जण हात वर करून उभा आहे, आणि ग्रीकमध्ये लिहिले आहे की अलेक्सामेनोस आपल्या देवाची उपासना करतो. कोण हा अलेक्सामेनोस, आपल्याला माहीत नाही. पण वधस्तंभाचा संदेश हा नाश होणाऱ्यांना मूर्खपणा वाटतो, असे पौल लिहितो तेव्हा त्याला काय ऐकून घ्यावे लागले असेल, ते त्या भिंतीवर दिसते.

त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तो आणखी एक गोष्ट सांगतो, जिच्याकडे आपण घाईने दुर्लक्ष करतो. या युगाच्या अधिकाऱ्यांना देवाचे ज्ञान कळले असते तर त्यांनी गौरवाच्या प्रभूला वधस्तंभी दिले नसते. म्हणजे जगाच्या ज्ञानाचा नमुना पौलाच्या लेखी कोणी चोर-दरोडेखोर नाही. ज्यांनी सगळा विचार करून, कायद्याच्या चौकटीत, राज्य सुरळीत चालावे म्हणून निर्णय घेतला ती माणसे आहेत. योहानाच्या शुभवर्तमानाच्या 11 व्या अध्यायात ती बैठक आपल्याला आतून पाहायला मिळते. मेलेल्या लाजराला उठवल्यानंतर लोक येशूच्या मागे जाऊ लागले. असेच चालू राहिले तर रोमी येतील आणि आपले स्थान व राष्ट्र दोन्ही हिरावून घेतील अशी भीती यहूदी पुढाऱ्यांच्या सभेत बोलली जाते. भीती खोटी नव्हती. पुढे 70 साली रोमनांनी मंदिर जाळलेच. त्या सभेत प्रमुख याजक कयफा उठतो आणि त्याचे पहिले वाक्य असते की तुम्हाला काहीच कळत नाही. मग तो हिशेब मांडतो: सगळे राष्ट्र नष्ट होण्यापेक्षा एका माणसाने मरावे हे सोयीचे आहे.

मला हे बायबलमधले ऐहिक शहाणपणाचे सर्वांत शुद्ध उदाहरण वाटते. कयफा मूर्ख नाही, भावनेच्या भरात बोलत नाही, त्याचे गणितही चुकलेले नाही. पण त्या गणितात दोन गोष्टी आहेत. जो किंमत मोजणार तो त्या खोलीत नाही. आणि बोलणारा ‘तुम्हाला काहीच कळत नाही’ या वाक्याने सुरुवात करतो, म्हणजे ऐकण्याचे दार त्याने आधीच लावून घेतले आहे. (योहान पुढे लिहितो की हे तो आपल्या मनाने बोलला नाही, तर नकळत भविष्य सांगून गेला. देव त्या वाक्याचा आपल्या परीने उपयोग करतो, पण त्यामुळे कयफा ज्ञानी ठरत नाही.)

याच्या उलट, ज्ञानाची बरोबर वाक्येही चुकीच्या तोंडी कशी बसतात याचा एक नमुना पौलाच्याच पत्रात दडलेला आहे. ‘तो ज्ञान्यांना त्यांच्याच धूर्तपणात धरतो’ हे तिसऱ्या अध्यायातले वचन त्याने ईयोबाच्या पुस्तकातून घेतले आहे, आणि तिथे ते अलीफजाच्या तोंडी आहे. अलीफजाचे वाक्य खरे आहे, म्हणून तर पौल ते वापरतो. पण राखेत बसून खापरीने अंग खाजवणाऱ्या आपल्या मित्राला, ईयोबाला, त्याने ते ऐकवले, आणि पुस्तकाच्या शेवटी देव त्याच अलीफजावर कोपतो. आजाऱ्याच्या खाटेशेजारी उभे राहून बरोबर वचन चुकीच्या वेळी म्हणण्याचे पाप मी स्वतः केलेले आहे, त्यामुळे अलीफजाला मी फार नावे ठेवत नाही.

आता सापाची चतुराई. मत्तयाच्या 10 व्या अध्यायात प्रभू जो ग्रीक शब्द वापरतो तो फ्रॉनिमोस, आणि उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात एदेन बागेतल्या सापाला जुन्या ग्रीक भाषांतरात लावलेला शब्दही त्याच मुळाचा आहे. म्हणजे प्रभूने तो शब्द सापाकडून जणू परत मागून घेतला आहे. लूकच्या 16 व्या अध्यायातल्या कारभाऱ्याला तो याच शब्दाने वाखाणतो. नोकरी जाणार हे कळताच हा कारभारी मालकाच्या ऋणकोंना बोलावतो, तेलाच्या 100 मापांच्या जागी 50 लिहायला लावतो, गव्हाच्या 100 च्या जागी 80, आणि पुढची सोय करून ठेवतो. वाखाणणी त्याच्या अप्रामाणिकपणाची नाही, तो अप्रामाणिक आहे हे गोष्टीत साफ म्हटले आहे. वाखाणणी आहे ती वेळ ओळखून हालचाल करण्याची, आणि प्रकाशाची मुले यात मागे पडतात अशी खंतही तिथेच आहे. पौलाने ती खंत मनावर घेतलेली दिसते. फिलिप्पै येथे फटके खाऊन तुरुंगात पडल्यावर अधिकारी गुपचूप सोडून देऊ लागले, तेव्हा त्याने आपले रोमन नागरिकत्व पुढे करून त्यांना स्वतः येऊन बाहेर काढायला लावले. यरुशलेमातल्या न्यायसभेत एक गट पुनरुत्थान मानणाऱ्या परूश्यांचा आणि दुसरा ते न मानणाऱ्या सदूक्यांचा आहे हे पाहून त्याने पुनरुत्थानाचा विषय असा काढला की सभा आपसातच भांडू लागली. शेवटी त्याने कैसराकडे दाद मागितली. ज्याने ‘जगाचे ज्ञान मूर्खपण’ असे लिहिले त्याच माणसाची ही वागणूक आहे.

भोळेपणा हे खरे ज्ञान नव्हे, हे मी पुस्तकातून शिकलो नाही. पाळक झाल्यावर चार-पाच वर्षांतच एका ओळखीच्या माणसाने पतसंस्थेच्या कर्जासाठी मला जामीन राहायला सांगितले. मी प्रार्थना केली आणि सही केली. अर्ज नीट वाचलासुद्धा नाही, कारण वाचणे म्हणजे अविश्वास दाखवणे असे मला वाटले. त्याने हप्ते थांबवले आणि जवळजवळ दोन वर्षे माझ्या पगारातून दरमहा कपात होत राहिली. नीतिसूत्रांत जामीन राहण्याविरुद्ध एकदा नव्हे, चार-पाच ठिकाणी इशारा आहे. 22 व्या अध्यायात तर फेडायला काही नसले तर तुझ्या अंगाखालचे अंथरूणही काढून नेतील, असे सरळ म्हटले आहे. त्या वचनांवर मी उपदेशही केला होता. माझ्या पत्नीने त्या काळात एकदाच बोलून दाखवले, तेही पीठ मळता मळता: ‘सही तुम्ही विश्वासाने केलीत, पण हप्ता माझ्या किराण्यातून गेला.’ ती सही करण्याआधी मी तिला विचारले नव्हते.

नव्या करारातले याकोबाचे पत्र मी त्यानंतर वेगळ्या नजरेने वाचू लागलो. तिसऱ्या अध्यायाच्या शेवटी तो दोन ज्ञानांची लक्षणे देतो. खालच्या ज्ञानाला तो तीन विशेषणे लावतो: पृथ्वीवरचे, इंद्रियांच्या पातळीवरचे आणि सैतानी. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मपंडिताने ही तीन विशेषणे तीन हेतूंशी जोडली. ज्याचे अंतिम ध्येय धनसंपत्ती, त्याचे ज्ञान पृथ्वीवरचे. ज्याचे ध्येय शरीराचे सुख, त्याचे इंद्रियांचे. आणि ज्याचे ध्येय मोठेपणा, त्याचे सैतानी, कारण सैतानाचे मूळ पाप गर्व. ही वर्गवारी मला पटते ती शेवटच्या भागामुळे. पैसेखाऊ माणूस आपल्याला लगेच ओळखू येतो. मोठेपणासाठी राबणारा मात्र सहसा मंडळीतच असतो, वेळेवर येतो, दशांश देतो, आणि त्याला बाजूला केले की काय होते ते पंच कमिटीच्या निवडणुकीत दिसते. याकोबाने इथे वापरलेला एरिथेइया हा शब्द ग्रीक राजकारणात पद मिळवण्यासाठी केलेल्या गटबाजीला वापरत असत. आपल्याकडे त्याला मोर्चेबांधणी म्हणतात.

वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे देताना याकोब म्हणतो की ते आधी शुद्ध, मग शांतिप्रिय, सौम्य, आणि चौथे लक्षण म्हणून तो यूपेइथेस हा शब्द घालतो. सगळ्या नव्या करारात हा शब्द एकदाच येतो. त्याचा अर्थ, ज्याची समजूत घालता येते, जे दुसऱ्याचे ऐकून वळते असे. शुद्धता आणि दया यांवर प्रवचने पुष्कळ होतात, या शब्दावर मी फारशी ऐकलेली नाहीत, कारण तो ऐकायला दुबळा वाटतो. ज्ञानी माणूस म्हणजे ठाम माणूस अशी आपली कल्पना असते. याकोब म्हणतो की ज्ञान ओळखायचे तर त्याला कोणी काही सांगू शकते का ते पाहा. माझ्या मते तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर या एका शब्दात आहे, आणि बाकी सगळी लक्षणे याच्या आधाराने तपासता येतात.

एक बैठक सांगतो. मंडळीची रस्त्यालगतची जागा विकसनाला देण्याचा प्रस्ताव होता: बिल्डर नवीन उपासना मंदिर बांधून देणार, खाली दुकाने काढणार आणि भाड्यात मंडळीचा वाटा राहणार. ज्यांनी हा प्रस्ताव आणला ते हुशार गृहस्थ होते आणि त्यांचे आकडे खरोखर बरोबर होते. मी ते नंतर दुसऱ्याकडून तपासून घेतले. बैठक सुरू होण्यापूर्वीच ठराव टाइप होऊन तयार होता, ‘सर्वानुमते मंजूर’ या शब्दांसकट, फक्त तारखेची जागा कोरी होती. तो कागद माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होता आणि मीही तो वाचून गप्प बसलो होतो. बैठकीत जो कोणी शंका काढी त्याला उत्तर मिळे, आणि प्रत्येक उत्तराच्या आधी ‘तुमच्या लक्षात येत नाही’ हे शब्द येत. शेवटी मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एका नर्सबाईंनी विचारले की कुंपणाच्या आतल्या चार खोल्यांत ज्या विधवा राहतात त्यांना हे कोणी सांगितले आहे का. त्या गृहस्थांनी कागद उलटून पाहिला. कागदावर त्या खोल्या नव्हत्या.

ठराव त्या दिवशी पुढे ढकलला गेला, नंतर बिल्डरच निघून गेला. त्या खोल्या अजून पावसाळ्यात गळतात, आणि मंडळीकडे दुरुस्तीला पैसे नाहीत. त्या गृहस्थांचे म्हणणे मान्य केले असते तर कदाचित पैसे असते. तरीही त्या दिवशी खोलीत ज्ञान कोणाजवळ होते याबद्दल मला शंका नाही.

शलमोनाचे उदाहरण यासाठीच मला सगळ्यांत जास्त विचारात पाडते. पहिल्या राजांच्या तिसऱ्या अध्यायात त्याने गिबोन येथे ज्ञान मागितले, ही गोष्ट संडे स्कूलच्या मुलांनाही पाठ असते. पण त्याच्या आधीच्या अध्यायात मरणाला टेकलेला दावीद त्याला सांगतो की तू शहाणा आहेस, सेनापती यवाबाचे पिकले केस शांतीने अधोलोकी जाऊ देऊ नकोस, शिमीबद्दलही तसेच. म्हणजे एक प्रकारचे होखमा शलमोनाकडे आधीपासून होते, आणि त्या होखमेने त्याने प्रतिस्पर्धी निकालात काढून गादी बळकट केली. गिबोनला तो जे मागतो त्याचे इब्री शब्द ‘लेव शोमेआ’ असे आहेत, म्हणजे ऐकणारे अंतःकरण. लगेच पुढे दोन वेश्या एका मुलावर हक्क सांगत येतात. नगरात ज्यांना कोणी उभे करणार नाही अशा त्या दोघी राजापुढे भांडतात, आणि तलवार मागवण्यापूर्वी राजा दोघींचे म्हणणे शब्दशः परत बोलून दाखवतो: ही म्हणते जिवंत तो माझा, मेलेला तुझा, ती म्हणते नाही, मेलेला तुझा, जिवंत माझा. आपण तलवारीची युक्ती लक्षात ठेवतो. मला तो आधीचा परत बोलणारा राजा महत्त्वाचा वाटतो.

हाच राजा पुढे मंदिराच्या कामासाठी इस्राएलातून 30,000 वेठबिगार काढतो, दर महिन्याला 10,000 लबानोनात आणि दोन महिने घरी. त्याच्या मरणानंतर लोक त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे, येऊन म्हणतात की तुझ्या बापाने आमचे जू जड केले होते. हे त्यांनी शलमोनाला जिवंतपणी कधी सांगितले होते की नाही, शास्त्रात नाही. ऐकणारे अंतःकरण मागून घेतलेल्या राजाच्या प्रजेला मनातले बोलायला त्याच्या मरणाची वाट पाहावी लागली, असे दिसते. रहबामाला तर वडीलधाऱ्यांनी स्पष्ट सांगूनही ऐकायचे नव्हते, आणि राज्याचे दोन तुकडे झाले.

इथे एक सावधगिरी सांगणे मला भाग आहे, कारण ‘समजूत घालता येणे’ या शब्दाचा मंडळीत फार गैरवापर होतो. मार खाणाऱ्या सुनेची समजूत घालतात, फसवल्या गेलेल्या विधवेची घालतात, आणि पहिल्या करिंथच्या सहाव्या अध्यायातले ‘तुम्ही अन्याय का सोसून घेत नाही’ हे वचन त्यांच्या तोंडावर फेकतात. ते वचन भावाभावांतल्या ऐहिक बाबींच्या, म्हणजे पैशाअडक्याच्या दाव्यांबद्दल आहे, आणि पौलाचा टोमणा दावा लावणाऱ्यांना आहे: तुम्हाला ज्ञानाचा एवढा गर्व, मग आपसातला निवाडा करू शकेल असा एक शहाणा माणूस तुमच्यात नाही काय? जिच्यावर हात उगारला जातो तिने पोलिसांत जाणे हे जगाचे ज्ञान नव्हे. याकोबाचे लक्षण आधी बलवानाला लावायचे असते: ज्याच्या हातात निर्णय आहे त्याची समजूत घालता येते का?

आता तुमच्या बिलांकडे. न गेलेला माल गेला असे लिहिणे हे खोटे लिहिणे आहे, आणि त्यासाठी दोन ज्ञानांत निवड करत बसण्याची गरज नाही; लहान मुलालाही ते कळते. ज्ञान लागते ते नकार कसा द्यायचा यासाठी, आणि त्या बाबतीत दानीएलाचा पहिला अध्याय मला फार उपयोगी वाटतो. बाबेलच्या राजाचे अन्न खायचे नाही हा निश्चय त्याने मनात केला, पण दरबारात जाहीर भाषण केले नाही. त्याने खोजांच्या सरदाराला विनंती केली. सरदार म्हणाला, तुमची तोंडे उतरलेली दिसली तर राजापुढे माझे शिर धोक्यात येईल. दानीएलाने ही भीती ऐकून घेतली आणि खालच्या कारभाऱ्यापुढे 10 दिवसांच्या कसोटीचा प्रस्ताव ठेवला: भाजीपाला आणि पाणी द्या, मग आमचे चेहरे पाहा. निश्चय तसूभरही हलला नाही, पण नकाराची किंमत ज्याला मोजावी लागली असती त्याचा विचार त्यात होता.

तुमच्या पेढीतही कोणाचे शिर धोक्यात आहे ते पाहा. बहुधा ते मालकाचे नसून गोदामावरच्या कारकुनाचे असेल, ज्याच्या पावतीवर ती बिले उभी राहतात. त्याच्याशी आधी बोला. मालकाशी बोलताना उपदेश करू नका. पुढे तपासणी झाली तर काय होईल हे आकड्यांत दाखवा, कारण ती भाषा त्यांना कळते आणि ती खोटी नाही. तरीही दबाव आला तर सही करणार नाही असे लेखी द्या, आणि हे पाऊल उचलण्याआधी दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवता येतो का ते पाहा. आणि हे सगळे पत्नीला विचारून करा, सांगून नव्हे. मी कशाबद्दल बोलतो आहे ते वर आलेच आहे.

प्रार्थनेबद्दल वेगळे विचारलेले नाही, पण लिहितो. ज्याला ज्ञान उणे असेल त्याने मागावे, देव उदार हाताने देतो आणि दोष लावत नाही, असे याकोब पहिल्या अध्यायात म्हणतो. ते वचन मी अक्षरशः खरे मानतो. पण ते ज्ञान बहुधा एखाद्या माणसाच्या तोंडून येते, आणि ते तोंड आपल्याला नको असलेले असू शकते. शलमोनाकडे ते दोन वेश्यांच्या भांडणातून आले. माझ्याकडे कणकेच्या परातीवरून आले होते.

राहता राहिले तुमचे सासरे. रविवार आणि सोमवार वेगळे करणे हे त्यांचे चूक आहे, आणि याकोबाच्या चौथ्या अध्यायातले, उद्याचे काही ठाऊक नसताना अमुक शहरी जाऊ, वर्षभर व्यापार करू आणि नफा मिळवू म्हणणारे व्यापारी तुम्ही त्यांना वाचून दाखवू शकता. पण आधी त्यांच्याकडे जाऊन विचारा की त्यांच्या नोकरीच्या काळात अशी बिले त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी काय केले होते, आणि त्याचे काय झाले. ज्या माणसाने आयुष्यभर संसार ओढला आहे त्याच्या ‘व्यवहार पाहावा’ या शब्दांमागे एखादा असा मार्चअखेर असू शकतो जो त्यांनी घरात कोणाला सांगितलेला नाही. ते सांगतीलच असे नाही. सांगितलेच तर मध्ये वचन काढू नका, पूर्ण ऐकून घ्या.